गाणारा एकीकडे, नाचणारा दुसरीकडे

पायताण दाराशी काढा आणि आत या. तिकिटाची चौकशी करू नका. मराठी नाटकाला तिकीट लागायला अजून दहा वर्षं अवकाश आहे. आज ५ नोव्हेंबर १८४३, गाव सांगली. कार्तिकातली पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे वाड्यापर्यंतचा रस्ता चांदण्यातच सापडला. आत मात्र दिवट्या आणि हिलालांचा उजेड. जळक्या तेलाचा धूर डोळ्यांत जातो, शेजारचा माणूस उपरण्याचं टोक नाकाला लावून बसलाय. पुढची बैठक मानकऱ्यांची. तुम्ही मागच्या खांबाला टेका.

गादीवरचे ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. सत्तरीला टेकलेले. मिरजेतून वाटणी घेऊन इथे कृष्णाकाठी राजधानी थाटली ती यांनीच. गेल्या साली कर्नाटकातल्या कर्कीहून भागवत मंडळी आली होती. त्यांचा खेळ आप्पासाहेबांना आवडला आणि आवडलाही नाही. सोंगं जोरकस, पण सगळं ओबडधोबड. मग हाताखालच्या एका तरुणाला हुकूम झाला: असंच काही मराठीत कर, पण नीट कर. तो तरुण म्हणजे विष्णू अमृत भावे, वय पंचविशीच्या आतबाहेर. आज त्याचं ‘सीतास्वयंवर’ आहे.

मृदंगावर थाप पडते. सूत्रधार येतो, मंगलाचरण म्हणतो. झाडपाला अंगाला बांधलेला विदूषक वनचर म्हणून उड्या मारत शिरतो आणि लोक हसायला लागतात. मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती, तीही नाचत. आख्यान सुरू व्हायला इतका उशीर होतो की मागची पोरं पेंगायला लागतात. घाई करू नका. देवांचं येणं हाच अर्धा खेळ आहे.

आता रावण आला. हा येतो तो ओरडतच. पुढच्या पिढ्या अशा नाटकांना थट्टेनं ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ म्हणतील ते याच्यासारख्या राक्षसपार्ट्यांमुळे. पण तुम्ही रावणाकडे बघू नका, सीतेकडे बघा. सीता म्हणजे एक कोवळा पोरगा, लुगडं नेसलेला, नथ सावरत उभा. तिच्या मनातली घालमेल पदातून ऐकू येते आहे. राम जिंकेल ना, धनुष्य उचलेल ना, सगळं. पोरग्याचे ओठ मात्र मिटलेले आहेत. गातोय तो बाजूला उभा असलेला सूत्रधार, आणि त्याच्यामागे टाळ-झांजवाले. पोरगा पदाच्या वजनावर मान कलती करतो, हात छातीशी नेतो, पाऊल मागे घेतो. पद संपलं की मग तो तोंड उघडतो आणि त्याच आशयाची चार वाक्यं मनानंच बोलतो. ती वाक्यं कुणी लिहून दिलेली नाहीत. उद्या दुसरा पोरगा वेगळी बोलेल. १८८५ साली भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून येईल, तेव्हा त्यात पदंच पदं असतील ती याच कारणानं. भाव्यांनी लिहायचं ते सूत्रधाराच्या गळ्यासाठी. नटानं फक्त अंग द्यायचं.

एकदा कान झाकून नुसतं पाहा, मग डोळे मिटून नुसतं ऐका. दोन खेळ चाललेत, एक गळ्याचा, एक देहाचा, आणि त्यांना जोडणारा दोरा तुम्हाला दिसत नाही इतकंच. हाडामांसाच्या माणसांनी केलेला हा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे, असं मला वाटतं. यात उणं काही नाही. ज्ञानेश्वरांनाही जीव कसा चालवला जातो हे सांगताना कळसूत्री बाहुलीच आठवली होती. म्हणजे आपल्या मातीला ही कल्पना फार जुनी.

ज्यांना हे गावंढळ वाटेल त्यांनी क्षणभर सत्तर वर्षं मागे यावं. १७७३, हंगेरीतलं एस्टरहाझा. तिथेही एक संस्थानिक, तिथेही वाडा, तिथेही पदरी ठेवलेला एक गुणी माणूस. संस्थानिकाचं नाव निकोलाउस एस्टरहाझी, माणसाचं नाव हायडन. महाराणी मारिया थेरेसा पाहुणी म्हणून येणार, तर हायडननं ‘फिलेमोन आणि बाउकिस’ नावाचा ऑपेरा रचला आणि तो केला तो दोरीच्या बाहुल्यांवर. बाहुल्यांसाठी वेगळं नाट्यगृहच बांधलं होतं. पडद्याआड गाणारे, वर दोऱ्या धरणारे, मध्ये लाकूड. युरोपातल्या त्या खेळाला दरबारी थाटमाट होता, सांगलीत तेलाचा धूर आहे. रचना तीच.

चला, परत सांगलीत. नव्हे, सांगलीतून बाहेर पडू. १८५१ साली आप्पासाहेब गेले. गादीवर आले ते धुंडिराव तात्यासाहेब, वय तेरा-चौदा, आणि कारभार इंग्रजांच्या नजरेखाली. पोरवयाच्या राजाच्या नावानं हिशेब तपासणाऱ्यांना रामाच्या मुकुटाचा खर्च कसा पटावा? आश्रय आटला. आता तुम्ही बैलगाडीत आहात, पाठीशी पेट्यांची रास. पेट्यांत मुकुट, गदा, सोंड, मोराची पिसं. नदीच्या प्रवाहाला उलटं घेत रस्ता जातो: सांगली, मग कराड, जिथे कोयना कृष्णेला मिळते, मग सातारा.

साताऱ्यात गाडी थांबली की वर अजिंक्यतारा बघा, मग खाली राजवाडा. वाडा आहे, राजा नाही. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली काशीला धाडलं, ते तिथेच वारले. त्यांच्या जागी बसवलेले शहाजीराजे १८४८ मध्ये गेले आणि औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्यच खालसा केलं. खेळ करून दाखवावा तर दुशाला देणारा हात कुठला? इतिहासाची पुस्तकं या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत सांगतात, संस्थानं बुडाली हा एक धडा आणि धंदेवाईक मराठी रंगभूमी जन्मली हा दुसरा. गाडीत पेट्यांवर बसून हिसके खाल्ले की त्या एकाच रस्त्यावरच्या दोन गावांसारख्या दिसतात. दोरी धरणारा हात गेला. नाटकाला दुसरा हात शोधायला घाट उतरावा लागला.

तो हात मुंबईत सापडतो. १८५३, ग्रँट रोडवरचं थिएटर. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होते, म्हणजे पैसे मोजून कशात तरी बसण्याची मुंबईकरांना सवय लागतेच आहे. आता बाकावर बसायचं तर तिकीट काढा. शेजारी पारशी शेटजी, पलीकडे एखादा साहेब. सूत्रधार तोच, पद तेच, सीतेचे ओठ अजून मिटलेलेच. वर्ष संपण्याआधी भावे इथे हिंदुस्थानीत ‘राजा गोपीचंद’ही करून दाखवतात, कारण समोरचा प्रत्येकजण मराठी जाणणारा नाही. आप्पासाहेबांना खूष करायला एक पसंती पुरत होती. इथे तीनशे पसंत्या एका रात्रीत गोळा करायच्या.

आता साल-महिना सोडून द्या आणि भाव्यांच्या घरात शिरा. नाटकवाले भावे सगळ्यांना ठाऊक. लाकूड कोरणारे भावे कमी जणांना ठाऊक. त्यांनी कळसूत्री बाहुल्या घडवल्या, आणि त्यांच्यावर बसवायचं आख्यान होतं तेच, ‘सीतास्वयंवर’. विचार करा, हे किती सरळ आहे. ज्यानं माणसांकडून बाहुल्यांसारखं काम करून घेतलं, त्यानं बाहुल्याच का करू नयेत? बाहुली आजारी पडत नाही, बिदागीवरून रुसत नाही, मिसरूड फुटलं म्हणून सीतेचा पार्ट सोडत नाही. दहा तोंडांचा रावण माणसाच्या मानेला झेपत नाही, लाकडाला झेपतो. धनुष्य छातीवर पडलं की रावणानं चिरडल्याचं सोंग करावं लागत नाही. वरून दोरी सोडली की झालं.

एखादी कळसूत्री बाहुली हातात घेऊनच बघा. पहिल्यांदा फजिती होते. दोरी ओढली की हात उठतो, पण तुम्हाला हवा तेव्हा नाही, किंचित मागाहून. आणि थांबवला तरी थांबत नाही, वजनानं झुलत राहतो. लाकडाच्या या झुलण्याला तालात बसवणं हीच सगळी विद्या. म्हणून बाहुलीला भराभर बोलणं मानवत नाही. ती वाक्याशी भांडते, पदाशी मात्र तिचं जमतं. मृदंगाच्या समेवर तिची मान पडली की ती जिवंत होते. बाहुल्यांचा खेळ जगभर गाण्याच्या आधारानं का उभा राहिला, हे बोटांना कळतं. सह्याद्रीपलीकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्पिढ्या हेच करत आली, कळसूत्रीनं, चामड्याच्या बाहुल्यांनी आणि चित्रकथीच्या पोथ्यांनी. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय त्यांनाही होता. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कोकणात ही विद्या घराण्याची, सांगलीत एका माणसाच्या नादाची. म्हणूनच तिथे टिकली आणि इथे पेटीत गेली.

पण पेटीत जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात डोकवावं लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’. पडदा उघडतो, सूत्रधार नांदी म्हणतो, आणि मग आत निघून जातो. तुम्ही सवयीनं कोपऱ्यात बघता, तिथे गाणारा कुणी नाही. दुष्यंत स्वतः गातोय. शकुंतला स्वतः गातेय. गळा देहात शिरला. त्या रात्री गोष्ट कुठली हे लोकांना पाठच होतं. नवं होतं ते हेच.

भावे तेव्हा हयात आहेत, साठी ओलांडलेले. त्यांच्या गावापासून तासाभराच्या पायी वाटेवर हरिपूर, वारणा जिथे कृष्णेला मिळते ते. तिथले गोविंद बल्लाळ देवल १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगमंचावर आणतात. आता देव नाहीत, राक्षस नाहीत. एक म्हातारा नवरदेव आणि एक विकली जाणारी मुलगी. तिचं दुःख तिच्याच तोंडून येतं. ५६ वर्षांपूर्वीचा तो मिटल्या ओठांचा पोरगा तुम्ही पाहिला आहे, म्हणून तुम्हाला यातलं अंतर कळतं. बाकीच्यांना नुसतं नाटक आवडतं. १९०१ मध्ये भावे जातात.

चार वर्षांनी, १९०५ साली, मिरजेला चला, सांगलीहून पाच-सहा मैल. ज्या गावात शिकलगारांनी तलवारी सोडून तंबोरे घडवायला घेतले, त्या गावात किर्लोस्कर मंडळींचा मुक्काम आहे. सतरा वर्षांचा एक मुलगा शकुंतला म्हणून उभा राहतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, जन्म नागठाण्याचा. नागठाणं तेव्हा सातारा जिल्ह्यात, पुढे जिल्हा तोडून सांगली झाला तेव्हा सांगलीत. त्यामुळे बालगंधर्व कुणाचे यावर दोन्हीकडची माणसं चहाच्या टपरीवर छान भांडू शकतात. तो तोंड उघडतो, आणि आता तुम्हाला पापणी, पदर आणि तान यांच्यात कुठेही सांधा सापडत नाही. यानंतर लाकडाच्या सीतेला कोण विचारणार?

तिकडे साल्झबर्गमध्ये मात्र लोकांनी विचारलं. १९१३ साली आंटोन आयशर नावाच्या शिल्पकारानं मोझार्टचा छोटासा ऑपेरा ‘बास्तियन आणि बास्तियेन’ बाहुल्यांवर केला, आणि ते थिएटर आजही चालू आहे. तिथे आता गाणं ध्वनिमुद्रित असतं. थोर गायकांचे आवाज, आणि खाली चालतं ते लाकूड. म्हणजे गाणारा एकीकडे, नाचणारा दुसरीकडे. विष्णुदास भाव्यांना तिथे नेऊन बसवलं असतं तर यंत्र बघून ते चक्रावले असते, खेळ बघून नव्हे.

आपल्याकडे भाव्यांच्या बाहुल्यांना हात लावला तो रामदास पाध्यांनी. वडील यशवंत पाध्यांचा अर्धवटराव त्यांनी घरोघर नेला, ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूनं एका पिढीची झोप उडवली, आणि त्याच हातांनी त्यांनी या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून ‘सीतास्वयंवर’ पुन्हा उभं केलं. ज्या दोऱ्या एका माणसाबरोबर थांबल्या होत्या त्या पुन्हा ताणल्या गेल्या. सांगलीत दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं, भाषणं होतात. ते व्हावंच. पण त्या दिवशी त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात एक खेळ बाहुल्यांचाही का नसावा, हे मला कळत नाही.

आणि आख्यान दरवेळी रामायणातलंच हवं असंही नाही. ‘शारदा’ बाहुल्यांवर करून बघा. थरथरणारा म्हातारा नवरदेव तर लाकडाला मुद्दाम शिकवावाच लागणार नाही. ‘शाकुंतल’ करा, ‘सौभद्र’ करा. आवाजाची अडचण नाही, बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत. अडचण आहे ती एकच: प्रत्यक्षात नारायणराव एकेक पद वन्समोअर घेत अर्धा-पाऊण तास गात राहत, आणि जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. दोऱ्या धरणाऱ्याच्या दंडांना तेवढंच बरं.