भराव आणि उधाण

वादळ म्हटले की प्रथम वारा आठवतो. जर्सी सिटीच्या इतिहासात मात्र मोठा विनाश पाण्याने घडवला. हडसन नदीकाठचा या शहराचा बराचसा भाग मुळात खाजणांचा, म्हणजे भरतीचे पाणी चढणाऱ्या सखल दलदलीचा होता आणि पॉलस हूक तर जवळजवळ बेटच होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांनी धक्क्यांसाठी व यार्डांसाठी भराव टाकून कम्युनिपॉची उथळ खाडी बुजवली आणि 1889 साली तेथे सेंट्रल रेलरोडचे भव्य स्थानक उभे राहिले.

29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वादळी उधाण, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेले समुद्राचे पाणी, पौर्णिमेच्या भरतीला मिळाले आणि समोरच्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाशी पाण्याची पातळी ओहोटीच्या सरासरीहून सुमारे 14 फूट चढली. जर्सी सिटीतील एक्स्चेंज प्लेसचे भुयारी स्थानक बुडाले आणि सुमारे चार आठवडे बंद राहिले. या हानीला केवळ निसर्गाचा कोप म्हणणे अपुरे आहे, कारण पाण्याच्या जागेवर वस्ती माणसानेच वसवली होती. भरावावरचे 1889 चे ते स्थानकही त्याच रात्री पाण्याखाली गेले.