सुलतान, राजा आणि जुन्नरचा घोडा

१५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस कैद झाला. कैद करणारे सैन्य पाचव्या चार्ल्सचे, म्हणजे ख्रिस्ती सम्राटाचेच. फ्रान्सने मदत मागितली ती उस्मानी सुलतान सुलेमानकडे. १५४३ मध्ये दोन्ही आरमारांनी मिळून नीसला वेढा घातला. युरोपात ओरड झाली, पण युती टिकली, कारण शत्रू एक होता. १५६९ च्या सवलतनाम्याने फ्रेंच व्यापाऱ्यांना उस्मानी बंदरांत संरक्षण मिळाले.

असाच व्यवहार आपल्या दख्खनमध्येही चालला होता. जुन्नर हे मलिक अहमदचे ठाणे. तिथूनच त्याने १४९० च्या सुमारास निजामशाही उभी केली. या राज्याचे बंदर होते चौल. १५०८ मध्ये याच चौलजवळ मिसरच्या आरमाराने दीवच्या मलिक अयाजच्या मदतीने पोर्तुगीजांना हरवले. पण १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशाहने त्याच पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधू दिला. घोडदळाला समुद्रापलीकडचे घोडे हवे होते आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा जोर होता. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहने चौलला वेढा घातला. त्या मोहिमेत आदिलशाह आणि कालिकतचा हिंदू राजा सामुरी हे दोघेही सोबत होते. वेढा फसला, तह झाला, व्यापार पुन्हा सुरू झाला.

मग धर्माला काहीच स्थान नव्हते का? होते. बहमनी काळात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलमार्गे जुन्नरला आला. तिथला सुभेदार असदखान याने घोडा जप्त केला आणि इस्लाम स्वीकारलास तरच परत देईन, असे बजावले. निकितिन हवालदिल झाला. तेव्हा खुरासानचा ख्वाजा मुहम्मद मध्ये पडला, त्याने शब्द टाकला आणि निकितिनचा घोडाही वाचला, धर्मही. हे निकितिननेच लिहून ठेवले आहे.

जबरदस्ती करणारा मुसलमान होता आणि सोडवणाराही मुसलमान. यातला एकच सांगून दुसरा लपवणे हा इतिहास नव्हे. असदखानाला झाकण्याची आपल्याला गरज नाही. पण ख्वाजा मुहम्मदला विसरण्याचा हक्कही कुणाला नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलांना, मग ती कोणत्याही घरातली असोत, ही दोन्ही नावे एकत्रच सांगायला हवीत.