दोन खोकी, एक घराणं: एमटी-३२ आणि साउंड कॅनव्हास

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला, तेव्हा आवाजासाठी त्याच्या पोटात एक लहानसा स्पीकर होता. त्यातून एका वेळी एकच सूर निघे आणि तोही कर्कश. चूक झाली की ‘टूं’ करून सांगणं एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं. १९८७ साली कॅनडातल्या क्वेबेक शहराच्या ॲडलिब कंपनीने संगीतासाठी वेगळं कार्ड आणलं. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती आणि ती नऊ सूर एकदम काढी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेलं एफएम तंत्र ती वापरत असे. या तंत्रात एका लहरीने दुसरीला हलवून नवा नाद घडवतात. घंटा आणि ऑर्गन त्यात बरे जमत, व्हायोलिन मात्र कधीच खरं वाटत नसे. संगणकावरच्या खेळांच्या संगीताला खरा वाद्यवृंद मिळाला तो जपानहून, आणि तोही खेळांसाठी बनवलेला नव्हता.

ओसाकाचे इकुतारो काकेहाशी तरुणपणी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करत. १९७२ साली त्यांनी रोलँड ही कंपनी काढली. पुढे कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. त्या भाषेचं नाव मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजे. या कामासाठी स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाला.

मिडीतून आवाज जात नाही, एवढं नीट समजलं तर पुढची सगळी गोष्ट उलगडते. कोणता सूर, किती जोरात, किती वेळ, कोणत्या क्रमांकाच्या वाद्यावर, इतक्याच सूचना तारेतून जातात. भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या बंदिशीसारखंच हे आहे: कागद एकच असतो, पण ऐकू काय येणार हे गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. गेम खेळणाऱ्याच्या टेबलावर कोणतं खोकं आहे, यावर संगीताचं रूप ठरणार ते यामुळेच.

१९८७ साली रोलँडने डी-५० हा सिंथेसायझर आणला. त्या काळी मेमरी चिप फार महाग असत, त्यामुळे पूर्ण ध्वनिमुद्रित सूर साठवणं परवडत नसे. रोलँडच्या अभियंत्यांनी कानाचा स्वभाव ओळखला. तारेवर नखी पडते, बासरीत फुंकर शिरते, तो पहिला क्षण ऐकूनच आपण वाद्य ओळखतो. तेव्हा आघाताचा तेवढा तुकडा खरा मुद्रित ठेवायचा आणि त्यामागचा लांबणारा सूर सिंथेसायझरने घडवायचा. लिनियर अरिथमेटिक, म्हणजेच एलए, असं या पद्धतीचं नाव.

त्याच वर्षी हेच तंत्र रोलँडने स्वस्तातल्या एका खोक्यात घातलं. त्याला पट्ट्या नव्हत्या, नुसता चपटा डबा आणि वर वीस अक्षरांची पाटी. हाच एमटी-३२. अमेरिकेतली छापील किंमत ६९५ डॉलर होती आणि गिऱ्हाईक म्हणून घरगुती हौशी वादक डोळ्यांपुढे होते. आत १२८ तयार आवाज, आठ वाद्यांचे भाग, एक तालाचा भाग आणि सभागृहाची घुमारी देणारा रिव्हर्ब. पण आवाजाचे मूळ घटक एकूण ३२ च होते. एका आवाजाला चार घटक लागले तर एकावेळी जेमतेम आठ सूर निघत. त्यामुळे त्यासाठी लिहिणाऱ्याला प्रत्येक सुराचा हिशेब ठेवावा लागे.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा ऑन-लाइन या खेळ बनवणाऱ्या कंपनीने हे खोकं उचललं आणि त्याचं नशीब पालटलं. १९८८ च्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’साठी त्यांनी चित्रपट-दूरचित्रवाणीचे संगीतकार विल्यम गोल्डस्टीन यांना बोलावलं. पुढच्या वर्षी ‘स्पेस क्वेस्ट ३’चं संगीत सुपरट्रॅम्प या बँडचे ड्रमर बॉब सीबेनबर्ग यांनी केलं. सिएरा आपल्या ग्राहकांना एमटी-३२ सुद्धा विकू लागली. कित्येक खेळांच्या किमतीएवढं हे खोकं असूनही लोकांनी ते घेतलं, कारण स्पीकरच्या टूंटूंनंतर हा वाद्यवृंद ऐकणं म्हणजे दुसऱ्याच जगात जाणं होतं.

एमटी-३२ ची खरी श्रीमंती त्याच्या तयार आवाजांत नाही. संगीतकाराला त्यात स्वतः घडवलेले ६४ आवाज भरता येत. खेळ सुरू होताना संगणक ते आवाज तारेतून खोक्यात पाठवी. दाराची करकर, वारा, पावलं, अंतराळयानाची घरघर, सगळं असंच घडवलेलं असे. काही खेळ तर पाटीवर स्वतःचा मजकूरही झळकवत. मात्र पहिल्या पिढीच्या खोक्याला हा मारा झेपत नसे. संगणक वेगवान असला की आलेल्या सूचना धरून ठेवणारा बफर भरून जाई आणि पाटीवर चूक उमटे. नंतरच्या पिढीत हा दोष गेला. हेडफोनची खाच दिसली की खोकं नंतरचं, ही त्याची सोपी खूण. १९८९ च्या सीएम-३२एल या त्याच्याच भावंडामध्ये ३३ ध्वनिपरिणाम आणखी वाढवले. आवाजाची मेमरीही दुप्पट झाली.

पण या श्रीमंतीतच एक अडचण होती. प्रत्येक कंपनीच्या खोक्यात वाद्यांचे क्रमांक वेगळे होते. १९९१ साली जनरल मिडी हा करार झाला आणि १२८ वाद्यांची यादी सर्वांसाठी एक ठरली. १० व्या चॅनेलवर ताल आणि किमान २४ सूर एकदम, हेही ठरलं. या यादीत आपली सतार १०५ व्या आणि सनई ११२ व्या क्रमांकावर आहे. त्याच वर्षी रोलँडने साउंड कॅनव्हास एससी-५५ आणला: नारिंगी पडदा, त्यावर उसळणारे सोळा खांब आणि २४ सूर. आता आघातापुरता तुकडा नव्हे, तर मुद्रित नमुन्यांवरच सगळा आवाज उभा होता. बॉबी प्रिन्स यांनी १९९३ च्या ‘डूम’ या खेळाला दिलेल्या गिटारींची धार याच घराण्याची.

घराणं म्हणायचं कारण स्पष्ट आहे. डी-५० मधले गाजलेले ‘फँटेशिया’ आणि ‘साउंडट्रॅक’ हे आवाज एमटी-३२ मध्ये उतरले, तिथून साउंड कॅनव्हासमध्ये आले आणि जनरल मिडीच्या यादीतही त्यांच्या जागा पक्क्या झाल्या. रक्त एक, स्वभाव मात्र वेगळे. एमटी-३२ चा आवाज धूसर, थोडा खरखरीत आणि स्वप्नवत. एससी-५५ चा स्वच्छ, समतोल, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. ट्रम्पेट, पियानो, ड्रम यांत एससी-५५ उघडच सरस. गूढ, परग्रहावरचं, परीकथेतलं वातावरण उभारण्यात एमटी-३२ ला तोड नाही.

एससी-५५ मध्ये एमटी-३२ च्या क्रमाने वाद्यं लावायची सोय आहे. तीवर विसंबून अनेकांनी जुने खेळ नव्या खोक्यावर वाजवले आणि ‘संगीत काही खास नाही’ असं ठरवून टाकलं. हा त्या संगीतकारांवर अन्याय आहे. ती सोय फक्त क्रमांक जुळवते. संगीतकाराने घडवून पाठवलेले आवाज एससी-५५ ला घेताच येत नाहीत. ही सोयही नसेल तर गोंधळ पुराच. एमटी-३२ वर ६४ व्या क्रमांकावर सतार आहे, जनरल मिडीत तिथे सिंथेसायझरचे पितळी भोंगे आहेत.

यामाहानेही १९९४ साली एक्सजी ही स्वतःची विस्तारित पद्धत आणि ६४ सुरांचं एमयू८० हे मॉड्यूल काढलं. त्याच वर्षीच्या रोलँड एससी-८८ मध्येही ६४ सूर होते. दोन्ही तांत्रिकदृष्ट्या एससी-५५ च्या पुढची. तरी ‘डूम’ त्यांच्यावर वाजवला तर वाद्यांचा तोल बदलतो, कारण लिहिणाऱ्याच्या कानात तोल होता तो एससी-५५ चा.

पुढे सीडीवर थेट ध्वनिमुद्रित संगीत येऊ लागलं आणि ही खोकी मागे पडली. त्यांचं रक्त मात्र घरोघर पोचलं. विंडोजमधल्या ‘जीएस वेव्हटेबल’ सिंथेसायझरचे नमुने मायक्रोसॉफ्टने रोलँडकडूनच परवान्याने घेतलेले आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी किंवा नंतर ज्यांनी विंडोजवर मिडी फाइल वाजवली, त्यांनी बहुधा हाच आवाज ऐकला, फक्त बराच आटवलेला.

आज जुना खेळ काढून बसणाऱ्याने ‘सगळ्यांत चांगलं खोकं कोणतं’ हा प्रश्न सोडून द्यावा. खेळाचं वर्ष पाहावं. १९८८ ते १९९१ मधला, विशेषतः सिएराचा असेल तर एमटी-३२ किंवा सीएम-३२एल. १९९२ नंतरचा, जनरल मिडीचा असेल तर एससी-५५. अधल्यामधल्या खेळात सेटिंगची यादी उघडून संगीत मुळात कशासाठी लिहिलं होतं ते शोधावं. खोकं विकत घेणं परवडत नसेल तर ‘मंट’ हा एमटी-३२ ची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. तो घडवलेले आवाजही पाळतो आणि जुने खेळ चालवणाऱ्या ‘स्कमव्हीएम’ या प्रोग्रॅममध्ये आधीपासून बसवलेला आहे. नव्याच्या मोहाने जुन्या संगीतावर वाद्य लादू नये. वाद्य निवडायचा हक्क ते संगीत लिहिणाऱ्याचा आहे.