ठगांची उद्योगशाळा

गेल्या वर्षीं आमच्या नांदेडांतील एका परिचित गृहस्थांचा मुलगा घरीं परत आला. सहा वर्षें तो कोणा एका महाराजांच्या मठांत होता. शिक्षण अर्धवट राहिलें, जुने मित्र तुटले, आणि दोन प्रहरीं कोणी दार वाजविलें तरी तो दचके. "आला हें देवाचें देणेंच; पण आतां याला ठेवावें कोठें आणि लावावें कशाला?" असें त्याच्या वडिलांनीं मला विचारलें. त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आठवली ती जबलपूरच्या ठगांची गोष्ट. दृष्टांत टोकाचा आहे, हें आधींच कबूल करतों. हा मुलगा निरपराध, आणि ठग खुनी. तरीही टोळी आणि तिची दीक्षा सुटल्यावर माणसाचें पुढें काय करावें, या प्रश्नाला सरकारनें दिलेलें एक सविस्तर उत्तर त्या गोष्टींत आहे.

ठगांची रीत वाचकांस ठाऊक असेलच. वाटसरूंशीं गोड बोलून सोबत करावी, योग्य जागीं रुमालाचा फांस टाकावा, लूट घ्यावी आणि प्रेतें पुरून टाकावीं. शकुन पाहिल्यावांचून ते निघत नसत. कुदळीची पूजा करीत, गुळाचा प्रसाद वाटीत, आणि आपण भवानीचीं लेंकरें आहोंत असें सांगत. निजामाच्या मुलखांतही त्यांच्या टोळ्या फिरत असत. निजामाच्या चाकरींतील मेडोज टेलर यानें त्यांचे जबाब ऐकले होते, आणि त्यांच्या आधारेंच त्यानें 1839 सालीं आपली प्रसिद्ध कादंबरी लिहिली. ज्या तुळजाभवानीच्या पायांशीं आमच्या मराठवाड्यांतील घरेंच्या घरें नतमस्तक होतात, त्याच नांवाचा असा उपयोग व्हावा, हें वाचून मन विषण्ण होतें. अर्थात् ठग हा खरोखर एक धर्मपंथ होता कीं पोटासाठीं लूटमार करणाऱ्यांचा जमाव, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. किम वॅग्नर यांच्या 2007 सालच्या ग्रंथानें दुसऱ्या पक्षास बळ दिलें आहे. आणि ज्या जबाबांवरून पंथाचें चित्र उभें राहिलें, ते कैदेंतील माणसांचे होते, हेंही विसरतां येत नाहीं.

हे जबाब मिळविले ते विल्यम स्लीमन यानें. टोळींतील एकास जीवदान देऊन माफीचा साक्षीदार करावें, त्याच्या सांगण्यावरून पुरलेलीं प्रेतें उकरावीं, आणि दुसऱ्याच्या जबाबाशीं त्याचा जबाब ताडून पाहावा, ही त्याची पद्धति. 1836 च्या कायद्यानें तर ठगांच्या टोळींत असणें एवढ्याच कारणावरून जन्मठेप देतां येऊं लागली. 1848 पर्यंत सुमारें साडेचार हजार लोकांवर खटले झाले आणि पांचशेंहून अधिक फांसावर गेले.

आतां जिवंत राहिलेल्या साक्षीदारांचें काय करावयाचें? सोडावे तर ते पुन्हां रस्त्यावर जातील, अथवा जुने सोबती त्यांचा सूड घेतील. शिवाय त्यांचीं मुलें वाढत होतीं. त्यांच्या हातीं दुसरी कला नव्हती. म्हणून 1837 च्या सुमारास स्लीमनचा सहकारी कॅप्टन चार्ल्स ब्राउन यानें जबलपूर येथें उद्योगशाळा काढली. तेथें तंबू आणि सतरंज्या-गालिचे विणण्याचें काम असे. ज्या हातांनीं रुमाल फिरविला, तेच हात आतां मागावर चालूं लागले. शेजारींच साक्षीदारांची वस्ती होती, आणि बायकामुलें जवळ होतीं. मुलांना कसब शिकविलें जाई.

या योजनेंतील शहाणपण नाकारतां येणार नाहीं. माणसाला नुसता उपदेश केला नाहीं. त्याला काम दिलें, कुटुंब तोडलें नाहीं, आणि पुढच्या पिढीचा विचार केला. तथापि तिच्यांत एक मोठें वैगुण्य होतें. त्या घराचें दार बाहेरून बंद होतें. बाप दोषी होता. पण मुलाचा अपराध काय? तो ठगाच्या पोटीं जन्मला, एवढाच! रक्तांतच गुन्हा असतो, ही समजूत पुढें वाढत गेली आणि 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत तिनें संबंध जातींच्या जाती कोंडल्या. आमच्या शेजारच्या सोलापुरांत तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या वसाहतीची आठवण अद्याप बुजलेली नाहीं. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला. लोकांच्या मनांतील कुंपण मात्र तितक्या लवकर निघालें नाहीं.

आज भोंदूस शिक्षा करणारा 2013 चा कायदा महाराष्ट्रांत आहे, आणि तो असावाच. परंतु भोंदूच्या दारांतून बाहेर पडलेल्यास शिक्षा नको असते. त्याला हवा असतो आसरा, हाताला काम, आणि पूर्वायुष्याचा उच्चार न करणारीं चार माणसें. जबलपूरनें पहिल्या दोन गोष्टी दिल्या. तिसरी देणें सरकारच्या हातचें नव्हतें. ती समाजानेंच द्यावयाची असते.

तो मुलगा सध्यां एका छापखान्यांत जातो. परवां रस्त्यांत भेटला, तेव्हां मठाची चौकशी करण्याचा मोह मला झाला होता. तो आवरून मी विचारलें, "काय, काम कसें चाललें आहे?" त्यानें मान वर करून उत्तर दिलें. वडिलांच्या प्रश्नाचें थोडेसें उत्तर मला तेथें मिळालें.