पाजवणे : कुऱ्हाडीच्या धारेची कुळकथा

दगडी कुऱ्हाडीपासून लोखंडी पात्यापर्यंतचा प्रवास सर्वपरिचित असल्याने त्याचा येथे केवळ उल्लेख पुरे. कुतूहलाचा खरा विषय हा की, कुऱ्हाडीला धार लावण्यास मराठीत ‘पाजवणे’ का म्हणतात. भिवंडी तालुक्यात हा प्रश्न अधिकच रंगतो, कारण तेथील वारली-कातकरी पाड्यांवर कोयता आणि कुऱ्हाड ही नित्याची हत्यारे आहेत, तर भिवंडी शहर यंत्रमागांचे आहे, आणि विणकरांच्या जुन्या परिभाषेत ताण्याच्या सुतावर खळ चढवण्याच्या क्रियेस, म्हणजे आजच्या सायझिंगला, ‘पांजणी’ म्हणतात.

‘पाजवणे’ हे ‘पाजळणे’ म्हणजे प्रज्वलित करणे याचेच रूप आहे, असे एक मत मांडता येते. घासलेली धार लखलखते आणि ‘शस्त्रे पाजळणे’ हा प्रयोगही रूढ आहे. परंतु लखलखाट हे जिल्हईचे, म्हणजे पृष्ठभाग चकाकवण्याचे फळ असून बोथट पातेही चकाकू शकते. त्यापेक्षा ‘पाजणे’, म्हणजे प्यायला देणे, हे मूळ सबळ वाटते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांच्या ‘पायने’चे, म्हणजे तापवलेले लोखंड द्रवात बुडवण्याचे, क्षार, पाणी व तेल असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि तेथेच धारेसाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा व धार टिकवण्यासाठी सावरीची फळी सुचवली आहे. झिजलेली कुऱ्हाड लोहाराकडे गेली की तो पाते तापवून ठोकतो, पाणी देतो आणि मग दगडावर घासतो. गिऱ्हाइकाच्या लेखी हे सारे एकच काम असल्याने भट्टीवरचा शब्द दगडावर उतरला असणार.

‘पांजणी’तील अनुस्वारावर बोट ठेवून तिचा संबंध संस्कृत ‘पञ्जि’शी, म्हणजे कापसाच्या पेळूशी, जोडता येईल, पण पेळू सूतकताईपूर्वीचा आणि खळ त्यानंतरची, शिवाय पंजाबीत विणकराच्या खळीलाच ‘पाण’ म्हणतात. तेव्हा पोलाद पाणी पिते, सूत खळ पिते, आणि दोन्ही पुढच्या कामाला टिकतात, हेच नाते ग्राह्य मानावे.

धार लावताना पाळायचा नियमही या व्युत्पत्तीत दडलेला आहे. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पाते दाबून धरले, तर सुमारे २२० अंश सेल्सिअसला कडेवर पिवळसर छटा येते, पुढे ती जांभळी होते आणि ३०० अंशांच्या आसपास निळी पडते. निळी कड म्हणजे पाणी उतरलेली कड, जी पहिल्याच गाठाळ लाकडावर दुमडते. म्हणून कुऱ्हाड ओल्या दगडावर, वरचेवर पाणी शिंपडत, दोन्ही अंगांनी सारखी घासावी, आणि पलीकडे वळलेली बारीक कड नखाला लागेनाशी झाली म्हणजेच ती पाजवली गेली असे समजावे.