मिठाची वाट, वाकवलेली भाजी आणि बार्बेरा

#धागा

इटलीच्या वायव्येला, आल्प्सच्या पायथ्याशी पिएमोंते हा प्रांत आहे. त्यातील आस्ती आणि मोन्फेर्रातोच्या टेकड्यांवर द्राक्षांची तोडणी आटोपून गारठा पडू लागला, की घराघरांतून लसूण, खारवलेले मासे आणि तापलेले तेल यांचा उग्र दरवळ येतो. पदार्थाचे नाव ‘बान्या काउदा’. स्थानिक बोलीत अर्थ इतकाच, ‘गरम कालवण’. मातीच्या भांड्यात, मंद निखाऱ्यावर हे कालवण धुमसत ठेवायचे, त्यात हंगामी भाज्या बुडवून खायच्या आणि सोबत बार्बेरा ही लाल वाइन घ्यायची.

आजच्या वाइन-पुस्तिका या जोडीला ‘आदर्श मेळ’ म्हणतात. मेळ चांगला आहेच, परंतु तो कोणा रसज्ञाने जुळवलेला नाही. मिठावरील कर, डोंगराळ भागातील दारिद्र्य आणि शेतीचे पंचांग या तिघांनी तो घडवला. त्याची ही कथा.

प्रथम एक कोडे. पिएमोंतेला समुद्रकिनारा नाही. मग तेथील शेतकऱ्याच्या सर्वांत लाडक्या पदार्थाचा प्राण समुद्री मासा कसा? हा मासा म्हणजे अँचोव्ही. कोकणातली मांदेली याच कुळातली.

उत्तर मिठाच्या वाटेवर सापडते. लिगुरिया आणि नीसच्या किनाऱ्यावरून खेचरांचे तांडे घाट चढून पिएमोंतेत मीठ आणत. मीठ ही चैन नव्हती. मांस, चीज, गुरांचा चारा, सर्व काही त्याच्यावर अवलंबून होते. त्यामुळेच सावोय घराण्याच्या राज्यकर्त्यांना मिठावरचा कर हे उत्पन्नाचे हुकमी साधन वाटले. इ.स. १६८० मध्ये मोन्दोवी परिसरातील जनतेने या कराविरुद्ध शस्त्र उचलले. हा संघर्ष थांबत, पुन्हा पेटत थेट १६९९ पर्यंत चालला आणि अखेरीस निष्ठुरपणे मोडून काढण्यात आला. (मराठी वाचकाला या दोन सनांमधला काळ वेगळा सांगावा लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या निधनापासून राजाराम महाराज जिंजीहून परतल्यानंतरच्या काळापर्यंतची ती वर्षे.)

एक आवडती दंतकथा अशी, की करचुकवे व्यापारी पिंपात मीठ भरून वर माशांचा थर लावत आणि नाक्यावर ‘मासळी आहे’ असे सांगून सुटत. पुढे मासळीच विकणे अधिक किफायतशीर ठरले आणि अँचोव्ही पिएमोंतेत आली. कथा चटकदार आहे, म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने पाहावे. हा मासा टिकवायचा तर मिठात थरावर थर रचूनच टिकवावा लागतो. म्हणजे मीठ आणि मासा एकाच पिंपात असणे हे कपटाचे नव्हे, साध्या व्यवहाराचे लक्षण. तस्करी झालीच नाही असे मात्र नव्हे. करासाठी रक्त सांडले जाते तेथे तस्करी असतेच.

मासा गावोगाव पोहोचवणारी माणसे मात्र दंतकथेतली नव्हेत. माइरा खोऱ्यातील उंच वस्त्यांवर हिवाळ्यात शेती शक्य नसे. गवत कापून झाले, की शरदात तेथील पुरुष खाली मैदानात उतरत आणि वसंतापर्यंत दारोदार खारवलेली अँचोव्ही विकत. त्यांच्या निळसर रंगाच्या हातगाड्या उत्तर इटलीतल्या बाजारांत ओळखीच्या झाल्या होत्या. चेल्ले दी माक्रा या चिमुकल्या गावात या फिरत्या विक्रेत्यांच्या आठवणी जपणारे संग्रहालय आहे.

येथे पंचांग जुळते. टेकडीवर वाइन पिंपात भरली जात असे, त्याच सुमारास डोंगरातून मासेवाला येई, आणि त्याच दिवसांत शेतातून एक विलक्षण भाजी बाहेर निघे.

तिचे नाव ‘कार्दो गोब्बो’, अर्थात ‘कुबडा कार्दो’. कार्दो ही आर्टिचोकची भाऊबंद, काटेरी कुळातील. खायचे ते तिचे मांसल देठ. निझ्झा मोन्फेर्रातोजवळ बेल्बो नदीकाठच्या रेताड जमिनीत ती मे महिन्यात पेरतात. सप्टेंबरात झाड पुरुषभर वाढते, तेव्हा शेतकरी ते आडवे वाकवून मातीत पुरतो. झाड मेलेले नसते. ते उजेडाकडे उठण्याची धडपड करते आणि त्या धडपडीत देठाला बाक येतो. अंधारात हिरवेपण गळते, देठ पांढराशुभ्र, कोवळा होतो, कडवटपणा ओसरतो. महिनाभराने खणून काढलेला हा कार्दो कच्चाच कालवणात बुडवता येतो. यासाठी लागणारे कष्ट अफाट आहेत. पाठ वाकवून भाजी वाकवायची, असे हे काम.

ताटात आणखी दोन पाहुणे असतात: भोपळी मिरची आणि तोपिनाम्बूर नावाचा कंद. दोघेही मूळचे अमेरिकेतले, कोलंबसानंतर युरोपात आलेले. ज्या मिरचीकुळाने गोव्यामार्गे मराठी स्वयंपाकघर बदलले, त्याच कुळाची ही गोडसर शाखा. म्हणून ‘अनादि काळापासूनचा पदार्थ’ असे कोणी म्हणाल्यास ताटातील मिरचीकडे बोट दाखवावे.

आता वाइन. पिएमोंतेचा राजा म्हणून बारोलोचा गौरव होतो. ती नेब्बिओलो द्राक्षाची. उन्हाच्या उत्तम उतारांवर मान त्याच द्राक्षाचा. बार्बेराची वेल कमी कुरकुर करते, भरपूर फळते, दुय्यम उतारावरही रुजते. म्हणून ती शेतकऱ्याची रोजची वाइन झाली. स्थानिक लोक तिला स्त्रीलिंगी संबोधतात, ‘ला बार्बेरा’.

चवीचा हिशेबही तिच्याच बाजूचा निघाला. नेब्बिओलोत टॅनिन, म्हणजे तुरटपणा, जबर असतो. खारट मासा आणि कार्दोचा उरलासुरला कडवटपणा यांच्याशी त्याची गाठ पडली, की तोंडात धातूसारखी चव येते. बार्बेरात टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर. हा आंबटपणा तेलाचा लेप कापतो आणि जीभ पुढच्या घासासाठी मोकळी करतो. तेलकट भज्यांवर लिंबू पिळावे तसा. म्हणजे गरिबाला परवडणारी वाइनच त्याच्या भाजीला शोभणारी ठरली. हा योगायोग होता, की पिढ्यान्‌पिढ्या एकाच ताटात राहून पदार्थाने वाइनप्रमाणे वळण घेतले? दुसरी शक्यता अधिक पटते.

परंतु या चित्राला फार गुलाबी रंग देऊ नये. शेजारच्या लांगे टेकड्यांतील लेखक बेप्पे फेनोल्यो यांच्या ‘ला मालोरा’ (१९५४) या कादंबरीत जेवणाच्या मेजावर दोरीने एकच अँचोव्ही टांगलेली आहे. कुटुंबातील प्रत्येक जण आपला मक्याचा पोलेंता तिच्यावर घासतो, खात मात्र कोणी नाही. तेव्हा भांडेभर अँचोव्हीचे कालवण म्हणजे वर्षातला सण. ऑलिव्हचे तेलही बाहेरून येई. ते न परवडणारी घरे अक्रोडाच्या तेलावर भागवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तोरिनोच्या कारखान्यांनी तरुणांना ओढून घेतले आणि टेकड्या ओस पडल्या. नुतो रेव्हेल्ली यांनी कुनेओ प्रांतातील शेतकऱ्यांची कथने ‘पराभूतांचे जग’ या अर्थाच्या शीर्षकाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध केली, ती याच उद्ध्वस्त खेड्यांची.

सर्वांत मोठा घाव मार्च १९८६ मध्ये बसला. स्वस्त वाइनमध्ये मद्यांश वाढवण्यासाठी मिथेनॉल मिसळल्याचे उघड झाले. वीसच्या आसपास माणसे दगावली, काहींची दृष्टी गेली. विषारी बाटल्यांपैकी काहींवर नाव होते बार्बेरा. गुन्हा मोजक्यांचा; पण प्रामाणिकपणे वाइन गाळणाऱ्या शेतकऱ्याच्या दारातले गिऱ्हाइकही नाहीसे झाले. शतकानुशतके ज्या वाइनवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तिच्याकडे लोक भीतीने पाहू लागले.

तिला सावरणारे प्रयत्न सुदैवाने आधीच सुरू झाले होते. रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या यांनी १९८२ च्या तोडणीची बार्बेरा लहान फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवून ती कोणत्याही उंची वाइनच्या तोडीची असल्याचे दाखवून दिले होते. पुढे नियम कडक झाले, उत्पादन घटवून दर्जा वाढवला गेला. २०१४ मध्ये युनेस्कोने लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातोच्या द्राक्षभूमीला जागतिक वारसा म्हटले. कुबड्या कार्दोलाही स्लो फूड चळवळीने संरक्षण दिले. तरी तो पुरणारे हात थोडेच उरले आहेत.

गंमत अशी, की ओकमध्ये मुरलेली ती भारदस्त बार्बेरा बान्या काउदासोबत तितकीशी जमत नाही. ओकचा सुगंध लसणापुढे हरतो. मेजावर आजही साधी, तरुण, आंबटसर बार्बेराच ठेवतात. भाज्या संपल्या, की भांड्याच्या तळाशी उरलेल्या कालवणात एक अंडे फोडून ढवळतात, आणि ते पावाबरोबर वाटून खातात.