शेवटचा गॅलन

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण मोटार जन्माला येण्यापूर्वीच मराठी घरांत रुळलेली होती. मोटारीने तिच्यात एक नवी अडचण निर्माण केली. आडात वाकून पाहता येते, खडा टाकून पाण्याचा अदमास घेता येतो. मोटारीची टाकी मात्र पत्र्याआड दडलेली असते. तिच्यात किती उरले हे चालकाला डोळ्यांनी दिसत नाही. ते कोणीतरी त्याला सांगावे लागते. म्हणूनच रात्रीच्या वेळी, वस्तीपासून दूर, समोरच्या फळीवर इंधन संपत आल्याचा पिवळसर दिवा उजळला की गाडीतील गप्पा थांबतात आणि एकच प्रश्न उरतो : आता ही किती चालेल? या प्रश्नाला मोटारीइतकाच जुना इतिहास आहे, आणि तो मुख्यतः एका गॅलनचा, म्हणजे सुमारे साडेचार लिटर इंधनाचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीत झाला. मोटारीचा निर्माता कार्ल बेंझ याची पत्नी बेर्था हिने पतीला न सांगता, आपल्या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइम येथून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी तीनचाकी मोटारीतून प्रवास केला. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास होते. इतका लांबचा मोटारप्रवास त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. त्या गाडीला आजच्यासारखी टाकीच नव्हती. कार्ब्युरेटरमध्ये मावेल तेवढेच, सुमारे साडेचार लिटर, इंधन जवळ असे. ते संपत आले तेव्हा बेर्थाबाईंनी वीसलोख या गावातील औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. लिग्रोइन हा डाग काढण्यासाठी वापरला जाणारा एक द्रव. तो त्या काळी औषधविक्रेत्याकडेच मिळे. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती या बाईंनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. आज वीसलोखचे ते दुकान जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून दाखवले जाते.

या प्रसंगातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेर्थाबाईंच्या दृष्टीने जो संपूर्ण साठा होता, जवळजवळ तेवढ्याच पेट्रोलला आजचा चालक ‘टाकी संपत आली’ असे म्हणतो. त्यांनी त्या साठ्यावर धाडसाने प्रवास आरंभला. आजच्या चालकाला तेवढाच साठा उरला की घाम फुटतो. साठा तोच राहिला, त्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र पालटली. ती कशी पालटली याचा मागोवा घेतला म्हणजे पिवळ्या दिव्याचा अर्थही उलगडतो.

आरंभीच्या काळात पेट्रोल बंद डब्यांतून विकले जाई. गाडीच्या पायरीवर एखादा भरलेला डबा पट्ट्याने आवळून ठेवण्याची चाल होती. हा डबा म्हणजे चालकाची गंगाजळी. ती डोळ्यांसमोर असे, तिचे वजन हाताला कळे. गाडीच्या आतील साठा मोजण्यासाठी मात्र लाकडी पट्टीवाचून दुसरे साधन नव्हते. अमेरिकेत १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या प्रख्यात ‘टी’ मोटारीची टाकी पुढच्या आसनाखाली होती. चालकाने खाली उतरायचे, आसनाची गादी उचलायची, झाकण काढायचे आणि पट्टी बुडवून ओल किती चढली ते पाहायचे. या गाडीत पेट्रोल पंपाने खेचले जात नसे. ते उतारावरून पाणी वाहावे तसे आपल्या वजनाने इंजिनाकडे येई. त्यामुळे टाकीत थोडेच पेट्रोल असताना उभा चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा वर जाई आणि पुरवठा तुटे. टाकीत पेट्रोल आहे, पण ते इंजिनाला मिळत नाही, असा हा विलक्षण पेच होता. त्यावर चालकांनी शोधलेला उपायही तितकाच विलक्षण होता. ते गाडी फिरवून उलट्या गतीने, पाठमोरी, चढावर नेत. ‘किती उरले’ आणि ‘उरल्यापैकी किती उपयोगी पडेल’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हा धडा मोटारीने तेव्हाच शिकवला.

पुढे या प्रश्नाला दोन उत्तरे निघाली. एक काट्याचे, दुसरे तोटीचे. फोर्डच्या १९२७ अखेर आलेल्या ‘ए’ मोटारीत चालकासमोर पेट्रोलचा मापक बसवलेला होता. टाकीत तरंगणारा बोंडा खाली गेला की मापकावरील आकडा उतरे. कालांतराने टाकी गाडीच्या मागच्या बाजूस गेली आणि बोंड्याचा निरोप विजेच्या तारेवरून काट्यापर्यंत पोहोचू लागला.

तोटीचे उत्तर अधिक साधे होते, आणि अधिक सुबोधही. जर्मनीच्या फोक्सवागेन ‘बीटल’ गाडीला १९६१ पर्यंत सामान्यतः पेट्रोलचा काटाच नव्हता. चालकाच्या पायाशी एक छोटी दांडी असे. इंजिन अडखळू लागले की चालक पायाने ती दांडी फिरवी आणि राखून ठेवलेले सुमारे ५ लिटर पेट्रोल इंजिनाला मिळू लागे. पुन्हा तोच गॅलन!

हीच व्यवस्था भारतातील लक्षावधी कुटुंबांना स्कूटरने परिचित करून दिली. मुंबईत जुळणी होऊन बाहेर पडणारी लँब्रेटा आणि पुढे पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून येणारी बजाजची स्कूटर, यांच्या आसनाखाली पेट्रोलचा कॉक असे. चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा त्याच्या तीन जागा. रस्त्यात इंजिनाने आचके दिले की चालकाचा हात न पाहताच खाली जाई आणि ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य मागे बसलेल्या माणसाला ऐकू येई. रिझर्व्हही संपला तर स्कूटर एका बाजूस कलती करून कोपऱ्यातले चार थेंब कार्ब्युरेटरकडे वळवणे, ही पुण्यापासून इंदूरपर्यंत सर्वांना अवगत असलेली विद्या होती.

पुष्कळांची अशी समजूत असे की रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या आत निराळी ठेवलेली लहान टाकी. वस्तुस्थिती तशी नव्हती. टाकीच्या तळातून एक आखूड नळी वर उभी केलेली असे. पेट्रोलची पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबे. कॉक फिरवला म्हणजे तळाजवळचे दुसरे तोंड उघडे आणि खालचा थर वाहू लागे. पेट्रोल एकच, टाकी एकच. केवळ दोन तोंडांतील उंचीच्या फरकाला ‘राखीव’ हे नाव होते. पाणी पेट्रोलहून जड असल्याने ते आणि गाळ याच थरात साचत. त्यामुळे कधी काळी रिझर्व्हवर आलेली गाडी त्यातील कचऱ्यानेच बंद पडे.

या तोटीत एक मर्म होते. राखीव साठा वापरण्यासाठी चालकाला स्वतः काहीतरी करावे लागे. पाय किंवा हात हलवल्याशिवाय शेवटचा गॅलन उघडत नसे, आणि तो उघडताना आपण गंगाजळीला हात घातला आहे ही जाणीव आपोआप होई. परंतु या व्यवस्थेचा शत्रूही चालकच होता. पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा मूळ जागी आणण्याचे विसरले की पुढच्या खेपेस राखीव काहीच उरत नसे. सारे पेट्रोल एका दमात, सूचना न देता संपे. राखीव ठेव ही टाकीतल्या पेट्रोलमुळे टिकत नव्हती. ती टिकत होती चालकाच्या सवयीमुळे.

नंतर आलेल्या इशाऱ्याच्या दिव्याने ही सवय अनावश्यक केली. त्याची एक जुनी रचना मोठी चतुर आहे. टाकीत ठरावीक उंचीवर एक लहानसा घटक बसवलेला असतो. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहतो आणि विजेला अडवतो. पातळी उतरून तो उघडा पडला की तापतो, त्याचा अडथळा कमी होतो आणि दिवा पेटतो. इतर गाड्यांत बोंड्याच्याच निरोपावरून दिवा लागतो. रचना कोणतीही असो, चालकाला काही करावे लागत नाही. दिवा पेटतो आणि गाडी पूर्वीसारखीच चालत राहते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. दिवा लागल्यावर गाडी किती चालेल? अनेक लहान मोटारींत दिवा लागतो तेव्हा सुमारे ५ लिटर पेट्रोल उरलेले असते. मोठ्या गाड्यांत ते अधिक असते. मोकळ्या रस्त्यावर एका लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी त्यावर हिशेबाने ७५ किलोमीटर जाईल. तीच गाडी शहराच्या गर्दीत लिटरला ९ किलोमीटर देत असेल तर ४५ किलोमीटरांवर थांबेल. घाटाच्या चढणीवर यातूनही आणखी वजावट होईल. शिवाय तळाशी असे काही थोडे पेट्रोल राहते की जे पंपाच्या तोंडाशी पोहोचतच नाही. फोर्डच्या चढावरचा जुना प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. उतरत्या किंवा चढत्या रस्त्यावर टाकीतील पेट्रोल एका अंगास जमते, म्हणून चढावर लागलेला दिवा सपाटीवर विझतो. तो विझला म्हणजे पेट्रोल वाढले असे मात्र नाही.

अलीकडच्या गाड्या तर दिव्याबरोबर उरलेल्या अंतराचा आकडाही दाखवतात. आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो. परंतु हा आकडा भविष्य सांगत नाही. गेल्या काही अंतरात गाडीने किती इंधन खाल्ले याच्या सरासरीवरून तो काढलेला असतो. लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीस आलेल्या गाडीचा आकडा फुगलेला असतो, कारण उतारावर तिने जवळजवळ काहीच खर्च केलेले नसते. त्याच आकड्याच्या भरवशावर कोणी गाडी वळवून पुन्हा घाट चढू लागला तर किलोमीटरमागे दोन-दोन, तीन-तीन आकडे गळताना त्याला दिसतील. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला पुढचा रस्ता ठाऊक नसतो, इतकेच.

शेवटच्या थेंबापर्यंत जाण्याची किंमतही आता वाढली आहे. पूर्वीची स्कूटर बाटलीभर पेट्रोल ओतले की पुन्हा धावे. आजच्या पुष्कळ मोटारींत विजेवर चालणारा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडू देणे म्हणजे त्या पंपाचे आयुष्य कमी करणे. डिझेलच्या गाडीत साठा संपला की नळ्यांत हवा शिरते आणि ती काढून टाकल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. ‘गाडीने हवा धरली’ म्हणून रस्त्याच्या कडेला तासन् तास खोळंबलेल्या ट्रकवाल्याला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

साठ्याच्या हिशेबात चूक झाली तर प्रसंग कोणत्या थरास जाऊ शकतो, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मात्र मोटारीचा नाही, विमानाचा आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक नवेकोरे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले. त्याचे इंधनमापक बिघडले होते. म्हणून टाक्यांतील पातळी मोजपट्टीने मोजली गेली. म्हणजे सर्वांत आधुनिक विमान फोर्डच्या लाकडी पट्टीच्या पद्धतीवर परत आले. पट्टीने चूक केली नाही. चूक झाली ती लिटरांचे वजन करताना. कॅनडा त्या सुमारास जुनी मापे सोडून मेट्रिक मापे स्वीकारीत होता. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. परंतु गणितात एका लिटरचे वजन किलोग्रॅमऐवजी पौंडांत धरले गेले आणि विमानात आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. सुमारे ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन कमी पडू लागल्याचे इशारे आले आणि पाठोपाठ दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना इंजिनाविना तरंगणारी ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अवजड विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाईतळावर उतरवले. विमानातील ६९ जणांपैकी एकाचाही प्राण गेला नाही.

भारतानेही गॅलन सोडून लिटर स्वीकारला. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने रूढ झाली. हे स्थित्यंतर ज्यांनी अनुभवले त्यांना गिमलीच्या चुकीचे मर्म लवकर कळेल. माप बदलते तेव्हा केवळ आकडे बदलत नाहीत, अंदाजाची जन्मभराची बैठक मोडते.

आता रस्त्यावर विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांना टाकी नाही, तोटी नाही. शिल्लक किती हे टक्क्यांत दिसते. नव्या दुचाक्यांतूनही पेट्रोलचा कॉक जवळजवळ नाहीसा झाला आहे. तरी पिवळा दिवा आणि त्यापुढचा प्रश्न नाहीसा झालेला नाही, कारण तो यंत्राचा प्रश्न कधीच नव्हता. शेतकरी पेरणीचे बियाणे निराळे बांधून ठेवी, तेव्हा त्या पोत्यात किती दिवसांचे जेवण आहे याचा हिशेब तो करीत नसे. ते पोते जेवणासाठी नाहीच, असे त्याने मनाशी ठरवलेले असे. शेवटच्या गॅलनचेही तेच आहे. पुढचा पेट्रोलपंप बंद असला, रस्ता अडला, गाडीत कोणी आजारी पडले, तर उपयोगी पडावे म्हणून तो असतो. ज्याने तो आधीच नित्याच्या प्रवासात मोजून टाकला, त्याच्या टाकीत ५ लिटर पेट्रोल असले तरी त्याची गंगाजळी रिकामीच असते. बेर्थाबाईंपुढे दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्या एका गॅलनवर निघाल्या. आजच्या चालकापुढे तो आहे, आणि पिवळा दिवा त्याला तेवढीच आठवण करून देतो.